अबोध मन, इडिपस आणि सटवाईचा लेख

मनोविश्लेषण या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात: मन कसे घडते आणि कसे चालते याविषयीचा सिद्धांत, मनोविकारांवरील उपचारपद्धती, आणि स्वप्ने, मिथके व साहित्यकृती यांचे अर्थ लावण्याची रीत. या तिन्हींची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते. उपचाराने गुण आला म्हणून सिद्धांत खरा मानला जातो, किंवा सिद्धांताचा एखादा भाग खोटा ठरला म्हणून सगळेच टाकाऊ समजले जाते. व्हिएन्नाचे मज्जाविकारतज्ज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनी १९व्या शतकाच्या अखेरीपासून १९३९ साली मृत्यू येईपर्यंत उभारलेल्या या विचाराचे मोल मराठी वाचकाला ठरवायचे असेल, तर केवळ व्हिएन्ना, लंडन आणि न्यूयॉर्क येथील वादांकडे पाहून भागणार नाही. या सिद्धांताची एक महत्त्वाची परीक्षा घेण्याचे सामर्थ्य एका मराठी लोककथेत आहे, आणि ती कथा विद्वानांपुढे ठेवणाऱ्या अभ्यासक इरावती कर्वे होत्या.

सिद्धांताचा गाभा थोडक्यात असा आहे. मनातील इच्छा, भीती आणि आठवणी यांपैकी फार थोड्या गोष्टी माणसाच्या जाणिवेत असतात. ज्या भागाची त्याला स्वतःलाही ओळख नसते त्याला ‘अबोध मन’ म्हणतात. जी इच्छा माणसाला स्वतःशी कबूल करता येत नाही ती जाणिवेबाहेर लोटली जाते आणि या क्रियेला ‘दमन’ असे नाव आहे. दमन झालेली इच्छा नाहीशी होत नाही. ती वेष पालटून स्वप्नात, विसरण्यात, शारीरिक कारण न सापडणाऱ्या दुखण्यात किंवा अकारण वाटणाऱ्या भीतीत प्रकट होते. १९२३ साली फ्रॉइड यांनी मनाचे तीन घटक कल्पिले: तत्काळ तृप्ती मागणारा ‘इदम्’, वास्तवाशी जुळवून घेणारा ‘अहम्’ आणि आईवडिलांच्या आज्ञा व निषेध यांतून घडलेला ‘पराहम्’. या ओढाताणीत अहम् स्वतःच्या बचावासाठी ज्या युक्त्या योजतो त्यांना ‘संरक्षण यंत्रणा’ म्हणतात. स्वतःच्या मनातला राग दुसऱ्याच्या मनात आहे असे वाटणे, म्हणजेच ‘प्रक्षेपण’, ही त्यांतलीच एक असून पुढील विवेचनात तिचा संबंध पुन्हा येणार आहे.

माणूस स्वतःच्या मनाचा भरवशाचा साक्षीदार नसतो, हे या सिद्धांताचे सर्वांत टिकाऊ विधान होय. ज्या मानसशास्त्रज्ञांना फ्रॉइड मान्य नव्हते त्यांच्या प्रयोगांतूनही हेच निष्पन्न झाले. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ग्राहकांपुढे मांडलेल्या चार पायमोज्यांच्या जोडांचा प्रयोग आहे; चारही जोड हुबेहूब सारखे असताना सर्वांत उजवीकडचा जोड सर्वाधिक ग्राहकांनी निवडला, परंतु निवडीचे कारण विचारल्यावर मांडणीतील जागेचा उल्लेख एकानेही केला नाही, आणि विणीची व कापडाची कारणे मात्र अनेकांनी दिली. अर्थात या प्रयोगातील अबोध मन फ्रॉइड यांच्या अबोध मनाहून पुष्कळच साधे आहे. त्यात दडपलेली वासना नाही, केवळ जाणिवेपर्यंत न पोहोचलेली प्रक्रिया आहे. तरीही आपल्या वागण्याची कारणे माणूस पुष्कळदा मागाहून रचतो, ही मनोविश्लेषणाची दृष्टी यातून बळकट होते. मराठी साहित्यानेही ही दृष्टी लवकर ओळखली. बा. सी. मर्ढेकर यांनी १९४२ च्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे मनात येईल त्या क्रमाने विचार व प्रतिमा उमटवण्याचा, जो प्रयोग केला आणि त्यानंतरच्या नवकथेने पात्रांच्या अंतर्मनाला जे स्थान दिले, त्यांची कल्पना मनोविश्लेषणाने घडवलेल्या वातावरणाशिवाय करता येत नाही.

सिद्धांताचे बळ आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर ‘डोरा’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले प्रकरण वाचावे. १९०० च्या अखेरीस या अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी फ्रॉइड यांच्याकडे आणले. वडिलांचे एका परिचित कुटुंबातील स्त्रीशी संबंध होते आणि त्याच स्त्रीच्या पतीने डोरा कोवळ्या वयाची असताना तिच्याशी लगट केली होती. मुलीने सांगितलेली हकीकत फ्रॉइड यांनी खरी मानली, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. पण तिला आलेली किळस ही दडपलेल्या आकर्षणाची खूण आहे असा अर्थ त्यांनी लावला आणि तिने तो नाकारला तेव्हा तो नकारही होकाराचाच पुरावा धरला. अकरा आठवड्यांनी तिने उपचार सोडले. १९०५ साली हे प्रकरण प्रसिद्ध करताना फ्रॉइड यांनी आपल्या अपयशाचा शोध घेतला, तेव्हा रुग्ण पूर्वायुष्यातील व्यक्तींविषयीच्या भावना नकळत उपचारकावर आरोपित करतो हे त्यांच्या नीट ध्यानात आले. ‘भावसंक्रमण’ या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना आज मनोविश्लेषण न मानणाऱ्या समुपदेशकांनाही उपयोगी पडते. त्या मुलीवर मात्र अन्याय झाला, आणि तो सिद्धांताच्या रचनेतूनच झाला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

रुग्णाचा होकार आणि नकार दोन्ही सिद्धांताच्या बाजूने मोजले जाऊ लागले की सिद्धांत चुकू शकत नाही. आणि जो कोणत्याही परिस्थितीत चुकू शकत नाही तो वैज्ञानिक नव्हे, असा आक्षेप तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी घेतला. बुडवण्याच्या हेतूने मुलाला पाण्यात ढकलणारा माणूस आणि त्याला वाचवण्यासाठी जिवावर उदार होणारा माणूस, या दोघांचेही वर्तन हा सिद्धांत सारख्याच सहजतेने समजावून देतो, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अॅडॉल्फ ग्रुनबाउम या तत्त्वज्ञाने १९८४ साली याहून नेमकी टीका केली. त्यांच्या मते फ्रॉइड यांची पुष्कळ विधाने तपासता येण्याजोगी आहेत. खरी अडचण अशी की, या विधानांसाठी दिलेला पुरावा उपचाराच्या खोलीतला आहे आणि त्या खोलीत उपचारकाची अपेक्षा रुग्णाच्या बोलण्यात उतरते. जे ऐकण्याची उपचारकाला ओढ आहे तेच रुग्णाला आठवू लागत असेल, तर त्या आठवणींवर सिद्धांत उभा करता येत नाही. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

सिद्धांताची चौकट मोडून ज्यांनी पुरावा गोळा केला त्यांच्या हातून मात्र मोठे काम झाले. लंडनचे मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांना प्रशिक्षणाच्या काळात एका अस्वस्थ मुलाच्या उपचारादरम्यान त्याच्या आईशी बोलण्याची मनाई पर्यवेक्षिका मेलनी क्लाईन यांनी केली होती, कारण महत्त्व मुलाच्या कल्पनाविश्वाला होते, घरातील वास्तवाला नव्हते. बोल्बींना हे पटले नाही. आईपासून तुटलेल्या मुलांचे त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षण केले, १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि मूल व त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यातील ‘आसक्तीबंधा’चा सिद्धांत मांडला, जो आजच्या बालमानसशास्त्राचा एक आधार आहे. बालपणीचे नाते पुढील आयुष्यातील नात्यांवर छाया टाकते ही मूळची कल्पना फ्रॉइड यांचीच होती. तिला पायावर उभे करण्यासाठी बाहेरचे निरीक्षण लागले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. तीन ते पाच वर्षांच्या मुलग्याला आईविषयी ओढ वाटते, वडील प्रतिस्पर्धी वाटतात, वडील आपल्याला शिक्षा करतील अशी भीती वाटते आणि या भीतीपोटी तो ती ओढ दडपून वडिलांचे अनुकरण करू लागतो. या मनोरचनेला फ्रॉइड यांनी ‘इडिपस गंड’ म्हटले आणि ती सर्व मानवजातीत आढळते असे प्रतिपादन केले. ग्रीक कथेतील राजा इडिपस अजाणता पित्याला मारतो व मातेशी विवाह करतो, ती कथा त्यांनी या सार्वत्रिकतेचा पुरावा मानली. भारतातून या दाव्याला पहिला विचारपूर्वक आक्षेप कोलकात्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी घेतला. दमनाच्या संकल्पनेवर १९२१ साली प्रबंध लिहिणारे, १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे आणि फ्रॉइड यांच्याशी सुमारे दीड दशक पत्रव्यवहार करणारे बोस यांचे निरीक्षण असे होते की, आपल्या भारतीय रुग्णांमध्ये वडिलांकडून होणाऱ्या शिक्षेची भीती युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, उलट पुरुषांच्या मनातही स्त्री होण्याची इच्छा आढळते. प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या विरुद्ध इच्छा जन्मते, असा स्वतंत्र सिद्धांत त्यांनी यावरून रचला. फ्रॉइड यांनी सौजन्याने उत्तरे दिली, पण मूळ दाव्यात बदल केला नाही.

इरावती कर्वे यांनी १९५० साली लंडनहून निघणाऱ्या ‘मॅन’ या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात इडिपस कथेचे मराठी रूप म्हणून एक लोककथा प्रसिद्ध केली. या कथेच्या मध्यभागी मुलगा नसून एक मुलगी आहे, आणि स्वतःच्या पोटच्या मुलाशीच लग्न होणे तिच्या नशिबी लिहिलेले आहे. बाळाच्या जन्मानंतर पाचवी व सहावी पुजताना कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची, आणि रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते असे मानण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. त्या समजुतीत वाढलेल्या श्रोत्याला ही कथा परकी वाटत नाही. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी कन्नड मुलखातून मिळवलेल्या अशाच कथेचा तपशील विलक्षण आहे. भाकीत टाळण्यासाठी ती मुलगी माणसांपासून दूर, अरण्यात फळांवर राहते. एका राजाच्या मूत्राने भिजलेल्या झाडाचा आंबा खाल्ल्याने तिला गर्भ राहतो. झालेला मुलगा ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पाण्यात सोडते. तो शेजारच्या राज्यात वाढून शिकारीला येतो आणि तिच्याशी लग्न करतो. त्यांना मुलगा होतो तेव्हा रिवाजाप्रमाणे बाळासाठी बापाचे जुने दुपटे काढले जाते आणि ती आपल्या लुगड्याचा तो तुकडा ओळखते. त्या रात्री ती पाळण्याशी अंगाई गाते, जिच्यात बाळ तिचा मुलगा, नातू आणि दीर असे सारे एकाच वेळी असते, आणि मग ती जीव देते.

या कथेत पितृहत्या नाही. मुलाला काहीच ठाऊक नाही आणि त्याला अपराधही लागत नाही; जाणीव, भय आणि दुःख सगळे आईचे आहे. कथा बायकांनी बायकांना सांगितलेली आहे, आणि रामानुजन यांनी ध्यानात आणून दिल्याप्रमाणे सांगणाऱ्याच्या बदलाबरोबर कथेचे केंद्र बदलले आहे. भारतीय परंपरेतील पितापुत्रांच्या कथा पाहिल्या तरी त्यांना हाच उलटा प्रवाह दिसला. ययाती आपले वार्धक्य मुलाला देऊन त्याचे तारुण्य घेतो, आणि वि. स. खांडेकर यांच्या १९५९ च्या कादंबरीमुळे ही कथा मराठी घराघरांत पोहोचलेली आहे. भीष्म पित्याच्या विवाहासाठी आजन्म ब्रह्मचर्य पत्करतो. आईच्या दाराशी पहारा देणाऱ्या गणेशाचे मस्तक पिताच उडवतो. आघात थोरांकडून धाकट्यांवर होतो आणि धाकट्याचा त्याग हा गुण ठरतो.

यावर कट्टर मनोविश्लेषकाचे उत्तर ठरलेले आहे: पित्याचा राग हे मुलाच्याच रागाचे प्रक्षेपण आहे, आईची इच्छा हे मुलाच्याच इच्छेचे प्रक्षेपण आहे, म्हणून कथा उलटी दिसली तरी गंड तोच आहे. हे उत्तर स्वीकारले की पॉपर यांचा आक्षेप अक्षरशः खरा ठरतो, कारण मग सुलट कथा आणि उलट कथा दोन्ही एकाच विधानाला पाठिंबा देतात. याउलट हेही विसरता कामा नये की, कुटुंबातील प्रेम, मत्सर आणि निषिद्ध ओढ यांच्या गुंत्याकडे पाहण्याचे धाडस फ्रॉइड यांनी केले नसते, तर कर्वे यांनी नोंदवलेली कथा नशिबाच्या नवलकथांमध्ये जमा होऊन तिच्यातील आईच्या दुःखाकडे अभ्यासकांचे लक्षही गेले नसते. प्रश्न विचारण्यात फ्रॉइड बरोबर होते; व्हिएन्नातील मध्यमवर्गीय घरातून मिळालेले उत्तर त्यांनी साऱ्या जगाला लावले, येथे ते चुकले. ग्रीक कथेतही तान्ह्या इडिपसला मारण्याचा आदेश आधी त्याच्या जन्मदात्यानेच दिलेला आहे, आणि त्या तपशिलाला फ्रॉइड यांच्या मांडणीत फारसे स्थान नाही.

फ्रँकफर्ट येथे मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतलेले आणि शेवटची अनेक वर्षे गोव्यात राहून २०२४ साली निधन पावलेले सुधीर कक्कड यांनी ही चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात त्यांनी भारतीय मुलग्याच्या मनात वडिलांच्या भीतीपेक्षा आईच्या सर्वव्यापी सहवासाला अधिक महत्त्व दिले आणि एकत्र कुटुंब, दीर्घ बालपण व देवीची रूपे यांच्या आधारे वेगळे चित्र रेखाटले. हे चित्र मूळ सिद्धांताहून येथील वास्तवाच्या जवळ आहे. तरीही त्याचा आधार मुख्यतः शहरी रुग्ण, मिथके आणि संस्कृतीविषयीचे वाचन हाच आहे. आगरी, कोळी किंवा कातकरी घरातील मूल, ज्याची आई भल्या पहाटे कामाला बाहेर पडते आणि ज्याला मोठी बहीण सांभाळते, त्याला ते किती लागू पडते हे तपासलेले नाही. मिथकाचा अर्थ लावताना समोर रुग्ण नसतो, म्हणून चूक दाखवून देणाराही कोणी नसतो, ही अडचण येथे कायम राहते. पॉल कोर्टराइट यांच्या १९८५ च्या गणेशावरील इंग्रजी ग्रंथातील मनोविश्लेषणात्मक अर्थांवरून २००३ साली वाद पेटला आणि भारतीय प्रकाशकाने तो ग्रंथ मागे घेतला. ग्रंथ मागे घ्यायला लावणे हे विद्येचे उत्तर नव्हे. पण भक्ताच्या अनुभवाला न विचारता प्रतीकांचे अर्थ ठरवण्याची पद्धत मुळातच कच्ची आहे, हेही तितकेच खरे.

सिद्धांताने सर्वांत मोठी हानी केली ती तीव्र मनोविकारांच्या क्षेत्रात. छिन्नमनस्कता, म्हणजे भास, भ्रम आणि विचारांचा विस्कळीतपणा आणणारा स्किझोफ्रेनिया, यावर आपली पद्धत चालत नाही असे स्वतः फ्रॉइड मानत होते. त्यांच्या काही अमेरिकी अनुयायांनी ही मर्यादा ओलांडली. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांच्या लिखाणातून ‘विकार निर्माण करणारी आई’ ही कल्पना रुजली, आणि १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांनी स्वमग्नतेचा दोष आईवडिलांच्या थंडपणाला दिला. आधीच आजारी मुलाची काळजी वाहणाऱ्या आयांवर अपराधाचा शिक्का बसला. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छिन्नमनस्क मातांपासून जन्मानंतर काही दिवसांतच वेगळ्या केलेल्या आणि अन्यत्र वाढलेल्या ४७ मुलांपैकी ५ जणांना तोच विकार झाला, तर तुलनेच्या ५० मुलांपैकी एकालाही झाला नाही. ज्या आईचा सहवासच लाभला नाही तिच्या वागण्याने आजार झाला असे म्हणण्याला मग जागा उरली नाही.

मग तीव्र मनोविकारांवर उपचार कोणता, या प्रश्नाचे उत्तर पनवेलहून फार दूर नसलेल्या कर्जत परिसरात पाहता येते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र तेथे आहे. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना तेथे आणून औषधोपचार केले जातात आणि भान आल्यावर त्यांनी सांगितलेल्या गावाच्या आठवणीवरून त्यांना घरी पोहोचवले जाते. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्वतःचे नावही न सांगू शकणाऱ्या माणसाला आधी औषध, अन्न आणि झोप लागते. त्याच्या बालपणाचा अर्थ लावणे हा त्या वेळचा उपचार होऊ शकत नाही.

सौम्य विकारांच्या बाबतीत महाराष्ट्राने बऱ्याच अंशी वेगळी वाट धरली. काही वर्षे मनोविश्लेषक म्हणून काम करून त्या पद्धतीला कंटाळलेल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. माणसाला त्रास देते ती घटना नसून त्या घटनेविषयीची त्याची हट्टी समजूत होय, असे तिचे सूत्र आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ही पद्धत मराठीत आणली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या संस्थेने ती सर्वसामान्यांपर्यंत नेली. ही पद्धत अल्पकाळात, कमी खर्चात आणि तपासता येईल अशा रीतीने चालते. आठवड्यातून अनेक दिवस, अनेक वर्षे चालणारे मनोविश्लेषण पनवेलच्या नोकरदार कुटुंबाला परवडणारे नाही. मात्र आपली समजूत अविवेकी आहे हे पटूनही ती सुटत का नाही, असा प्रश्न जेव्हा रुग्णाला पडतो, तेव्हा जुन्या नात्यांच्या छायेचा शोध घेणारी मनोविश्लेषणाची रीत पुन्हा उपयोगी पडते. मनोविश्लेषणातून निघालेल्या अल्पकालीन उपचारांचे परिणाम इतर मानसोपचारांच्या तोडीचे असल्याचे काही संशोधनांत आढळलेही आहे. परंतु त्यावरून इडिपस गंड सिद्ध होत नाही. धीराने ऐकून घेणारा माणूस मिळाला म्हणूनही गुण येऊ शकतो.

मन समजून घेण्याची दृष्टी म्हणून मनोविश्लेषण जपावे, आजाराची कारणे सांगणारे शास्त्र म्हणून ते मानू नये आणि सर्व संस्कृतींची किल्ली म्हणून तर मुळीच मानू नये, असाच निर्णय या पुराव्यावरून निघतो. येथील मनाचा सिद्धांत येथील सामग्रीवरच उभा करावा लागेल, आणि ती सामग्री झपाट्याने विखुरते आहे. नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल परिसरातील दहा गावे उठली. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणी आणि सटवाईच्या कथा सांगणाऱ्या म्हाताऱ्या आता पुनर्वसनाच्या वसाहतींत आहेत. इरावती कर्वे यांनी प्रसिद्ध केलेल्या कथेची किती रूपे या बायकांच्या स्मरणात आहेत, त्यांत आई काय करते, बाप कोठे असतो, शेवट कसा होतो, हे त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करण्याचे काम पनवेलच्या महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, आणि ते याच पिढीत करावे.